अजबखान्यातली अनुदानित जनावरं

आमच्या संग्रहालयात दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाहीत. एक डांबरगोळ्या आणि दुसरे किस्से! डांबरगोळ्या निदान विरून तरी जातात. किस्से मात्र कपाटामागं साठतच राहतात, आणि रिटायर झालेल्या माणसाला चहाला बोलावलं की तो आधी तेच बाहेर काढतो. तुम्ही बोलावलंत, आता ऐका.

आधी ओळख करून देते. लातूरच्या एका कॉलेजच्या आवारात, झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या मागं एक लांबुळका हॉल होता. आत पेंढा भरलेली जनावरं, बाटल्यांतले साप, पक्ष्यांची घरटी, दगड, शिंपले आणि माणसाचा एक सांगाडा. दारावर पाटी 'निसर्ग-संग्रहालय'. पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो तुम्हाला निसर्गोपचारवाल्या डॉक्टरांच्या दारात नेऊन सोडायचा. त्याला 'अजबखाना' म्हणायचं, मग तो बरोबर आणायचा.

मी तिथली संग्रहपाल. मूळची चाकूरची. एमेस्सी झाले, नोकरी लागली, आणि आमच्या आईनं गल्लीत सांगितलं, "पोरगी मेलेल्या जनावरांवर साहेब झाली!"

माझ्या जोडीला करीमचाचा. उदगीरचे. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात शिकारी लोकांचे वाघ भरलेले. चाचा तीच कला शिकले आणि आमच्याकडं कोल्हे, ससे, घुबडं भरायला लागले. हात असा की चाचांनी भरलेली मुंगुसं जिवंत मुंगुसापेक्षा जास्त जिवंत वाटायची.

आमच्या दोघांच्या डोक्यावर प्राचार्य. त्यांचं एक वाक्य ठरलेलं : "लोक संग्रहालयात येत नसतील तर संग्रहालयानं लोकांत गेलं पाहिजे!"

वाक्य त्यांचं. जायचं आम्ही.

*

तर एकदा हदगावच्या एका शाळेत प्रदर्शन ठरलं. कॉलेजला गाडी नव्हती. एसटी होती.

पक्षी खोक्यांत बसले, साप बाटल्यांत होतेच. कोल्हा मात्र कुठल्याच खोक्यात मावेना. शेवटी चाचांनी त्याला मांडीवर घेतलं आणि खिडकीजवळ बसले. नांदेडपर्यंत कोणी काही बोललं नाही. नांदेडला गाडी बदलली आणि नवा कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

"कोल्हा," मी म्हटलं.

"ते दिसून राहिलंय मला. जित्तं हाय का मेलेलं?"

"मेलेलं."

"मुडदा गाडीत चालत न्हाई. उतरा खाली."

मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, तसं मेलेलं नाही. भरलेलं आहे. आत नुसता पेंढा आहे."

"मग जित्तं धरू? जित्तं जनावर तर आजिबातच चालत न्हाई!"

आता सगळी एसटी या चर्चेत उतरली. एक जण म्हणाला, सामान धरा. दुसरा म्हणाला, मांडीवर बसलंय म्हणजे लेकरू धरा, हाफ तिकीट. मागच्या सीटवरचे एक आजोबा काळजीनं म्हणाले, "त्याला खिडकीतच असू द्या. उलटी-बिलटी होत असंल."

कंडक्टर बिचारा नियमानं चालणारा माणूस. त्यानं बॅगेतून कागद काढले, चाळले. त्यात कोल्ह्याला रकाना नव्हता. गाडी जागची हलेना.

शेवटी चाचा उठले. एका हातात कोल्हा धरला, दुसऱ्या हातानं टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कंडक्टरसाब, ये ना जिंदा है, ना मुर्दा. ये अनुदानित है!"

गाडीत तीन-चार मास्तर असावेत. ते आधी हसले.

कंडक्टरनं कागद मिटले. "माझा भाऊ बी शाळंवरच हाय," तो म्हणाला आणि त्यानं डबल बेल दिली.

*

मग भूकंप झाला.

त्या पहाटेचा किस्सा होत नाही. लातूर शहर बरंचसं वाचलं, पण दक्षिणेकडची गावंच्या गावं माती झाली. आमच्या कॉलेजात असा माणूस नव्हता की ज्याचं त्या गावांत कोणी नव्हतं. मी सांगते ते त्यानंतरच्या दिवसांतलं.

हॉलच्या भिंतीला उभी भेग गेली. इंजिनिअर म्हणाले, दुरुस्तीपर्यंत आत काही ठेवू नका. आम्ही सगळी जनावरं बाहेर काढली आणि मैदानात लिंबाखाली ताडपत्री बांधून तिथं मांडली. त्याच मैदानात आजूबाजूची शंभरेक माणसं पत्रे आणि साड्या बांधून राहिलेली. घरात झोपायची कोणाची हिंमत नव्हती. म्हणजे एका बाजूला चुली, दुसऱ्या बाजूला आमचा बिबट्या. दोन-चार दिवसांत बायका बिबट्याच्या पाठीवर टॉवेल वाळत घालायला लागल्या.

धुळीनं बिबट्याचं तोंड भरलं होतं. एका सकाळी चाचा त्याच्या पुढ्यात आडवे झाले आणि कोपरापर्यंत हात त्याच्या जबड्यात घालून साफ करायला लागले.

नेमकी तेव्हाच बाहेरगावची मदतीची गाडी आली. पोरं रात्रभर प्रवास करून आलेली, ब्लँकेटं घेऊन. पहिला खाली उतरला आणि समोर बघतो तर बिबट्या उभा, त्याच्याखाली पांढऱ्या दाढीचा म्हातारा, आणि म्हाताऱ्याचा हात बिबट्याच्या घशात!

"वाघ! वाघानं माणूस धरला!"

आणि खरं सांगते, ती पोरं पळाली नाहीत. चौघांनी ब्लँकेट उघडलं आणि सरळ बिबट्यावर उडी घेतली! एकानं मान आवळली, एक पाठीवर बसला, एकानं शेपूट धरून ओढली. ती त्याच्या हातातच आली.

खालून चाचा ओरडायला लागले, "अरे छोडो! छोडो रे! मर जाएगा वो!"

पाठीवर बसलेला पोरगा रडकुंडीला आला. "चाचा, खाली तुम्ही आहात, आणि काळजी त्याची करता?"

त्या मैदानात कितीतरी दिवसांनी माणसं हसली. पोटं धरून हसली. हसता हसता दोघी-तिघी रडायला लागल्या, तेव्हा कोणी त्यांना थांबवलं नाही.

शेपूट चाचांनी शिवली. बिबट्याची शेपूट आजही दोन बोटं आखूड आहे.

*

भूकंपानंतर आम्हाला एक नवीनच काम लागलं. जनावरांना भूकंप आधी कळतो, असं कोणीतरी कुठंतरी छापलं आणि सगळा जिल्हा जनावरांकडं डोळे लावून बसला. शंका आली की फोन अजबखान्याला.

"मॅडम, आमचं गाढव सकाळपासून लोळलं न्हाई. बाहेर पडावं का?"

"मॅडम, कोंबड्यानं दुपारी बांग दिली. काय समजायचं?"

मी एकच उत्तर द्यायची : नक्की कोणालाच सांगता येत नाही. चाचा फोन घ्यायचे तर विचारायचे, "गाढवाला जेवायला दिलं का?" बहुतेक वेळा दिलेलं नसायचं.

एक दिवस एक आजोबा आले. पडलेल्या गावांतल्याच एका गावचे. सगळं संग्रहालय हळूहळू बघितलं, हात मागं बांधून. मग माझ्या टेबलाशी आले.

"बाई, एक इचारू का? जनावराला खरंच कळतं का आधी?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते थांबलेच नव्हते.

"त्या संध्याकाळी माझ्या बैलानं दावं तोडलं. दारात येऊन हुबा राहिला. मी त्याला मारलं आणि पुन्यांदा बांधलं. मग आम्ही आत जाऊन झोपलो. आत पाच जण होतो आम्ही."



तो माणूस तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घेऊन हिंडत होता : बैल सांगत होता आणि आपण ऐकलं नाही. माझ्या हातात पुस्तकं होती, त्यात या प्रश्नाला नीट उत्तर नव्हतं. मी विज्ञानाची बाई. पुराव्याशिवाय बोलू नका, असं वर्गात ओरडून सांगणारी.

मी म्हटलं, "आजोबा, बैल गोमाशांनीपण दावं तोडतो."

"माशांनी?"

"हाव. माशा फार झाल्या की तोडतो."

त्यांनी मागं बांधलेले हात सोडवले. मग म्हणाले, "तवा माशा लई होत्या."

"असतीलच. दिवसच तसे होते."

"लई होत्या," ते पुन्हा म्हणाले. नमस्कार करून गेले. चाचा दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी चहा त्यांनी आणला, आणि माझ्या कपात साखर जास्त घातली.

*

जरा हलकं सांगते. डायनासोरच्या अंड्यांचं.

आमच्याकडचा काळा दगड उन्हापावसानं झिजतो तेव्हा कांद्यासारखे थर सुटत जातात आणि आत गोल गोटा उरतो. अगदी अंडं! घरोघर टीव्ही आल्यावर लोकांना डायनासोर कळले, आणि मग शेताशेतांत अंडी सापडायला लागली. कोणी पिशवीतून आणायचं, कोणी सायकलला बांधून. एकानं तर टोपल्यात पेंढा घालून, वर उबेला गोधडी टाकून आणलं!

नुसता दगड आहे म्हटलं की माणूस तो तिथंच टाकून जायचा. फाटकाजवळ ढीग झाला. प्राचार्यांनी त्याचा बागेला काठ करून घेतला.

एकदा औशाकडचे एक पाहुणे आले. वय पन्नाशीचं, कडक इस्त्री. अंडं धोतराच्या पानात गुंडाळलेलं. मी नेहमीसारखं समजावून सांगितलं. माणूस खुर्चीत बसूनच राहिला.

"मॅडम, अंडं नसलं तर नसू द्या. पण मी गावात सांगून बसलोय."

"मग आता खरं सांगा."

"सासऱ्यांना बी सांगितलंय."

"त्यांनाही सांगा."

"मॅडम, तुम्ही माझ्या सासऱ्यांना बघितलं न्हाई." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'बसा जावईबापू' म्हटलं. कागदावर काहीतरी लिहून द्या. खोटं नको. पण काहीतरी द्या!"

खोटं लिहिणं शक्य नव्हतं. पण माणसाचं पंचवीस वर्षांनी मिळालेलं आसन काढून घेणंही जिवावर आलं. मी संग्रहालयाच्या कागदावर लिहिलं : 'हा दगड अतिप्राचीन ज्वालामुखीतून तयार झालेला असून, त्या काळी पृथ्वीवर शेवटचे डायनासोर असण्याची शक्यता आहे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. खाली शिक्का मारला.

सहा महिन्यांनी साप ओळखायच्या कार्यक्रमाला त्याच भागात गेलो. एका गावात मारुतीच्या देवळासमोर पार, पारावर सिमेंटचा ओटा, ओट्यावर तो गोटा. त्याला ऑइलपेंटनं पाटी रंगवलेली :

'डायनासोरनं पाहिलेला दगड. सौजन्य : जावईबापू.'

*

मग आला क्लासेसचा जमाना. आमच्या रस्त्याला आधी दोन रसवंत्या होत्या. बघता बघता तिथं एका ओळीत केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी उभे राहिले. नांदेड म्हणायचं आम्ही पुढं, लातूर म्हणायचं आम्ही. परभणीपासून देगलूरपर्यंतचे आईबाप पोरांच्या ट्रंका घेऊन उतरायचे. दिवसभर रिक्षांवर भोंगे : "डॉक्टर व्हायचंय? आजच प्रवेश घ्या!"

ही मुलं संग्रहालयात आली की दारातच विचारायची, "मॅडम, ह्याच्यावर किती मार्काचं येतं?" मोरापुढं उभं राहून एकानं विचारलं, "हा सिलॅबसमध्ये आहे का?" चाचा म्हणाले, "नहीं बेटा. ये जंगल में है."

एका दुपारी धर्माबादचे एक आडतीचे व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी दोन वेण्यांची, हुशार, क्लासमध्ये पहिली. तिनं वही काढली, सांगाड्यापुढं उभी राहिली आणि हाडं मोजायला लागली. तास झाला. वडील स्टुलावर पेंगले. शेवटी तिनं पेन बंद केलं.

"पप्पा, दोनशेच आहेत."

व्यापारी खडबडून जागे झाले. "किती पाहिजेत?"

"दोनशे सहा. सरांनी सांगितलंय."

आयुष्यभर पोत्यातली घट पकडलेला माणूस तो! उठलाच. "मॅडम, सहा हाडं कमी भरली! कुठं गेली?"

मी समजावलं. प्रत्येक कानात तीन-तीन बारीक हाडं असतात, तांदळाच्या कणीएवढी. सांगाडा तयार करताना ती हमखास हरवतात. मुलीनं बरोबर मोजलं, शाबास तिची.

मुलगी खूश झाली. वडिलांचं समाधान होईना. "पण संस्थेचा माल पूर्ण नको का? कानाची हाडं नसलेला माणूस काय कामाचा?"

चाचा कोपऱ्यात घुबडाला ब्रश मारत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, कान के नहीं हैं, इसीलिए तो बेचारा इतने साल से यहाँ चुपचाप खडा है. दिनभर बाहर क्लास का भोंगा बजता. हमकू सुनना पडता!"

*

त्याच क्लासपायी आमचा हॉल जायची वेळ आली.

कॉलेजनंही स्वतःचा क्लास काढायचं ठरवलं. नापासांसाठी रिपीटर बॅच. जागा कुठली? अजबखान्याची! संस्थेचे सचिव म्हणाले, "तिथं दिवसाला चार माणसं येत नाहीत. जनावरं गोडाऊनमध्ये टाका." गोडाऊन गळकं होतं. एका पावसाळ्यात सगळ्यांना बुरशी धरली असती. चाचांनी तीस वर्षं भरलेलं सगळं.

प्राचार्यांनी हातापाया पडून पंधरा दिवस मागून घेतले. पंधरा दिवसांत लोक यायला लागले तर बघू, असं ठरलं. मी शाळांना पत्रं पाठवली, भित्तिपत्रकं लावली, व्याख्यान ठेवलं. व्याख्यानाला सहा जण आले. त्यातले दोघं पंख्याखाली बसायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर दारापासून रस्त्यापर्यंत रांग! सगळी क्लासची मुलं. ढकलाढकली. आणि सगळी गर्दी एकाच कपाटापुढं. घुबडाच्या.

मी वाट काढत पुढं गेले. घुबडाखाली नवी पाटी होती, चाचांच्या सुरेख अक्षरात :

'परीक्षेच्या आदल्या दिवशी या घुबडाच्या डोळ्यांत पाहू नये.'

माझा संताप झाला. बाहेर काढून चाचांना म्हटलं, "चाचा, आपण अंधश्रद्धा घालवायला बसलोय का वाढवायला?"

"मैंने क्या झूठ लिखा, मॅडम?" चाचा शांतपणे म्हणाले. "परीक्षा के आदल्या दिवशी बच्चे ने पढना चाहिए. उल्लू कायकू देखना?"

तरी मी पाटी काढली. पण बातमी गावभर झाली होती. मुलं येतच राहिली. लांबून, तिरक्या नजरेनं घुबडाला बघायची आणि मग आलोच आहोत म्हणून बाकीचं बघायची. मी ती संधी सोडली नाही. घुबड एका वर्षात शेतातले किती उंदीर खातं, हे त्या पंधरा दिवसांत मी इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही बोलायची.

शेवटच्या दिवशी सचिव स्वतः पाहणीला आले. बरोबर कमिटी. दारातच थबकले.

"ते घुबड हेच का?"

"हो," मी म्हटलं. "पण ते सगळं खोटं आहे, सर. घुबड शेतकऱ्याचा मित्र..."

"ते बरोबर आहे," सचिव म्हणाले. "पण उद्या आमच्या नातवाचा पेपर आहे."

आणि त्यांनी डोळे गच्च मिटले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या संग्रहालयाची पाहणी तशीच केली! चाचा सांगत गेले, "ये मोर... ये मगर... इधर पायरी है साहेब." बाहेर आल्यावर त्यांनी डोळे उघडले, रुमालानं कपाळ पुसलं आणि कमिटीला सांगितलं :

"हॉल राहू द्या. आधीच नापास झालेली पोरं. त्यांना ह्या घुबडापुढं बसवता?"

*

आता एकच सांगते आणि थांबते.

मांजरा नदीच्या काठी एका गावात आमचा साप ओळखायचा कार्यक्रम होता. चिखलातून गेलो होतो. सरूबाई नावाच्या एका आजींनी घरी नेलं आणि म्हणाल्या, "आधी पाय धुवा, मग चहा." मी न्हाणीत गेले. तिथं पाय घासायची वजरी होती. हातात घेतली आणि मी तशीच खाली बसले.

ती वजरी नव्हती. हत्तीच्या दाढेचा तुकडा होता! दगड झालेला. वर एकाशेजारी एक धारदार कडा, किसणीसारख्या. नदीच्या दरडीत असे अवशेष सापडतात, हे मी वाचलं होतं. हातात पहिल्यांदाच आला होता.

"सरूबाई, हे कुठं मिळालं?"

"माझ्या आजेसासूला गावलं नदीत. तवापासून हाय घरात."

"अहो, हा हत्तीचा दात आहे. हजारो वर्षांपूर्वीचा. इथं जंगलात हत्ती होते तेव्हाचा!"

सरूबाईंनी दाताकडं बघितलं, मग स्वतःच्या टाचांकडं. "म्हणूनच!"

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच आमच्या घरात कुणाच्या टाचा फुटल्या न्हाईत."

मी दात संग्रहालयाला मागितला. त्यांनी दोन दिवस विचार केला, सुनांना विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः पदरात बांधून घेऊन आल्या. पण एक अट घातली. "मी बाजाराला लातूरला येत असते. आले की पाय घासून जाणार. काच-बिच लावून कुलूप घालू नका."

प्राचार्यांनी हो म्हटलं. त्यांना वाटलं, म्हातारी बोलते आहे, येते कशाला. सरूबाई दर बाजाराला यायच्या. चाचांनी त्यांच्यासाठी मोरामागं एक पाट आणि बादली ठेवली होती. पाय घासायच्या, दात धुऊन जागेवर ठेवायच्या, जाताना मला भाजी द्यायच्या.

दाताची बातमी लांब गेली. एक दिवस पुण्याहून मोठे शास्त्रज्ञ आले. हत्तींच्या दातांवरच आयुष्य घालवलेला माणूस. पांढरे सुती हातमोजे घातले, भिंग काढलं, दात असा उचलला की जणू तान्हं बाळ. अर्धा तास बघत होते. प्राचार्य, मी आणि चाचा बाजूला उभे.

"विलक्षण!" शेवटी ते म्हणाले. "पण एक कोडं आहे. या कडांवरची झीज बघा. हत्तीच्या चावण्यानं अशी झीज होत नाही. ही आडवी आहे. आणि गुळगुळीत! हा हत्ती असं खात काय होता? मी जगात असा नमुना पाहिला नाही. यावर स्वतंत्र पेपर लिहावा लागेल."

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चाचांकडं बघितलं. चाचांनी छताकडं बघितलं.

तेवढ्यात दार वाजलं. बाजाराचा दिवस होता.

सरूबाई पिशवी टेकवत आत आल्या. आम्हा चौघांकडं बघितलं आणि शास्त्रज्ञांना म्हणाल्या, "झालं का दादा तुमचं? आणा इकडं."

त्या हातमोज्यांतून त्यांनी दात काढून घेतला. चाचांनी पाट मांडला, बादली पुढं सरकवली. सरूबाई बसल्या, लुगडं जरा वर सावरलं आणि टाच घासायला लागल्या. आडवी. खर्र खर्र.

शास्त्रज्ञ भिंग हातात धरून उभेच. त्यांनी सरूबाईंच्या हाताकडं बघितलं, टाचेकडं बघितलं, पुन्हा हाताकडं.

सरूबाईंनी दोन्ही पाय आटोपले. दात बादलीत विसळला. मग त्यांची नजर शास्त्रज्ञांच्या बुटांवर गेली.

"लई हिंडणं असतंय वाटतं तुमचं. टाचा फुटल्यात का, दादा?"

शास्त्रज्ञांनी आधी हातमोजे काढले. मग बूट.

"करीमभाई," सरूबाई म्हणाल्या, "पाणी बदला. पाव्हणे हायेत!"